पहिलं रीळ शेवटी

कादर : नाही म्हणजे नाही, बाई. दिवसाउजेडी इंजिन लावून एका माणसासाठी पिक्चर दाखवायला हा काय वासुदेव आहे, दारात येऊन नाचून जायला? टुरिंग टॉकीज आहे ही. आमचे मालक चांदभाई नव्या पिक्चरच्या रिळांची पेटी आणायला पुण्याला गेलेत. परत आले की माझी चामडी लोळवतील.

अंबुबाई : समदा पिच्चर कुनाला बघायचाय रं? ती पांढऱ्या लुगड्याची बाई तेवढी दाव. जिच्यापायी माझं डोस्कं फुटलं, तिचं त्वांड तरी बघू दे मला.

कादर : तिचं तोंड दाखवलेलंच नाही.

अंबुबाई : म्हंजी?

कादर : म्हणजे दाखवलेलं नाही. तीच तर करामत आहे. पण हे मी कुणाला सांगत बसलोय! तुमच्या कुरुळीच्या लोकांना भूत म्हटलं की उलटी पावलं आणि हातभर जीभ पाहिजे. मी पुण्याच्या थेटरात मशीन चालवलंय, बाई. तिथं असली सुरुवात लागली की माणूस खुर्चीचा हात घट्ट धरून बसायचा. आणि इथं चाकणला? शेंगा फोडतात! मी पडद्यावर काळोख सोडतो आणि खालून एक जण ओरडतो, "दिवा गेला, दिवा गेला!"

अंबुबाई : शेंगा फोडत्यात म्हनं. परवा बाजाराच्या राती तुझा त्यो पिच्चर बघून कुरुळीची मानसं निघाली, आन् मी नाणेकरवाडीचं बाळंतपन उरकून घराकडं चालले हुते. हातात कंदील, डोईवर पदर. वढ्यापाशी गाठ पडली. मी म्हनलं, बरं झालं, सोबत मिळाली. तर ह्यांनी "आली, आली" करून जो धोंड्यांचा मारा केला! ही बघ पट्टी. अजून हळद भरतीय.

कादर : त्यात माझा काय कसूर? मी पिक्चर दाखवतो. अक्कल वाटत नाही.

अंबुबाई : वाटायला असाया पायजे ना आधी.

कादर : बरं, धोंडा मारला कुणी?

अंबुबाई : ज्योतीरामानं. माझ्याच हातावर जलमलेला. त्याची नाळ मी कापलीय.

कादर : पिंपरीच्या कारखान्यात लागलाय तोच ना? पँट घालून येतो, तिकीट काढतानाही 'शिफ्ट, शिफ्ट' करतो? वा रे वा! दिवसा मोठमोठ्या यंत्रांवर हात चालवायचा आणि रात्री भुताला धोंडे मारायचे. या मुलखाला कारखाने कशाला हवेत? देवऋषी पुरे आहेत.

अंबुबाई : दात काढू नगंस. त्याची बायकू सुभद्रा दिस भरलेली हाय. मूल प्वाटात आडवं हाय, मी माझ्या हातानं चाचपून बघितलंय. वेळंला जानता हात न्हाई लागला तर दोगंबी जातील. आन् ह्यो बाबा म्हनतोय, ही बाई माझा उंबरा वलांडनार न्हाई, ही तीच हाय. कळ्ळं का आता मी का आले? माझं डोस्कं फुटलं त्ये फुटलं, ते भरून येईल. ते पोर जगाया पायजे. तुझ्या त्या सटवीपायी त्ये मरता कामा नये.

कादर : मग त्याला सांगायचं ना, भूतबित काही नसतं म्हणून. पिक्चरमध्येच सांगितलंय की! मालकिणीची इस्टेट लाटायला तिचा मुनीमच पांढरी साडी नेसून फिरत असतो. शेवटी पोलीस पदर ओढतात आणि खाली हा मिशाळ बाप्या. तोबा! इतका भिकार शेवट मी जन्मात पाहिला नाही. सुरुवात करणारा उस्ताद होता, बाई. शेवट कुणा गाढवाच्या हाती दिला, अल्ला जाणे.

अंबुबाई : त्ये मी सांगितलं न्हाई व्हय? तर मला म्हनतोय, "आत्या, मुनीम धरला त्ये आमीबी बघितलं. त्याला बेड्या घातल्या, गाडीत घालून न्हेला. आन् त्यो गेल्यावर मग ती आली. मुनीम तुरुंगात, मग ही कोन?" आता ह्याला काय जबाब द्यावा मी?

कादर : मुनीम गेल्यावर आली? असं कसं येईल? ती तर... हां. हां, ते रीळ. या अल्ला!

अंबुबाई : कसलं रीळ?

कादर : तुमच्याच लोकांचा हट्ट आहे हा. बाजाराच्या दिवशी कुरुळीकर कांद्याची पोती विकून, बैलांना वैरण टाकून येणार, तोवर इकडं पिक्चर सुरू झालेला. मग आत बसून बोंब ठोकतात, तिकीट पुरं घेतलंस, पिक्चर पुरा दाखव! म्हणून तंबूचा रिवाजच पडलाय. शेवट झाला की पहिलं रीळ पुन्हा लावायचं, उशिरा आलेल्यांसाठी. मारामारीचा पिक्चर असो की देवाधर्माचा, पहिलं रीळ शेवटी. जेवून हात धुतल्यावर वरण-भात वाढायचा, असला कारभार. आणि तोही ते मिटक्या मारत खातात!

अंबुबाई : म्हंजी ती आली ती आधीची?

कादर : आधीचीच! पिक्चर सुरूच तिथून होतो. एवढंही कळू नये माणसाला?

अंबुबाई : मग तू चल कुरुळीला. चावडीवर उभा ऱ्हा आन् ह्येच सांग.

कादर : मी? त्या येड्यांपुढं हात जोडून उभा राहू? जमायचं नाही.

अंबुबाई : मग ती बाई तरी दाव मला. मी जाऊन सांगते.

कादर : बाई...

अंबुबाई : दाव. न्हाईतर मी हितनं हलत न्हाई. संध्याकाळी गर्दी झाली का समद्यांना पट्टी सोडून दावीन आन् म्हनंन, बघा, ह्या तंबूत पिच्चर बघितला का असं हुतंय.

(कादरनं कपाळाला आठ्या घातल्या, इंजिनाला दोन कचकचीत शिव्या हासडल्या आणि कनाती खाली सोडल्या. बाहेर ऊन कलायला लागलं होतं आणि कापडातून उजेड आत झिरपतच होता, त्यामुळं पडद्यावरचं चित्र धुवून विटलेल्या कापडागत फिकं दिसत होतं. अंबुबाई बायकांच्या बाजूला गेलीच नाही. पुरुषांच्या जागेत, अगदी मधोमध तिनं फतकल मारली. जन्मात तिनं पिक्चर पाहिला नव्हता आणि तशी हौसही नव्हती. आपल्याला या लोकांनी नेमकं काय समजून मारलं, एवढंच तिला बघायचं होतं.)

अंबुबाई : ह्या कसल्या मुंग्यांच्या रांगा?

कादर : नावं आहेत. कोणी काम केलं, कोणी गाणी लिहिली त्यांची. खालून वर सरकतात.

अंबुबाई : लई मुंग्या हायत.

कादर : मुंग्या सोडा, कान द्या. ढोल नाही, ताशा नाही. एकच तार वाजतेय, एकसारखी. अंगावर काटा आणायचा तर वाजंत्री नाही लागत, बाई. हां, नावं संपली. आता काळोख. ऐका, कुत्रं भुंकतंय. आणि आता गप्प झालं! भुंकणाऱ्या कुत्र्याला कोण भितो? ते मधेच गप्प होतं, तिथं खरी भीती. आता रहाट वाजेल. बघा, रहाट फिरतोय आणि विहिरीवर माणूस नाही.

अंबुबाई : त्याला तेल घातलं न्हाई कुनी.

कादर : कुणापुढं मी... असो. आता कंदील. गुडघ्याखाली धरलाय, दिसलं? उजेड सगळा पावलांवर. पावलं कशी आहेत? सरळ! चांगली तुमच्याआमच्यासारखी. तोंड अंधारात. दुसरा कुणी असता तर इथंच किंचाळी फोडून सुळे दाखवून मोकळा झाला असता. हा दाखवत नाही. याला जिगर लागते. तोंड दाखवलं नाही की बघणारा आपल्या मनातलं तोंड तिथं नेऊन बसवतो.

अंबुबाई : आन् ज्योतीरामानं माझं न्हेऊन बसवलं.

कादर : आता ते...

अंबुबाई : आन् कंदील खालीच धरत्यात, येड्या. डोळ्याम्होरं धरला तर दिपून जातंय, वाट दिसत न्हाई. मीबी असाच धरते. ह्यात कसली आलीय जिगर? आता ही कुटं उभी ऱ्हायली?

कादर : दारात. आता माणूस दिसणार नाही, नुसती कडी दिसेल. ऐका. टक, टक. आतला माणूस उठतो. कडीकडं त्याचा हात जातो. पुण्यात इथं बाया पदरात तोंड लपवायच्या.

अंबुबाई : कशापायी? दारच वाजलंय न्हवं? माझं दार रोज असंच वाजतंय, आन् तेबी अंधाराचंच. मी उठते, पदर खवते आन् जाते. दार वाजवनाऱ्याचंच त्वांड भ्यानं पांढरं पडलेलं असतंय. आत कुनाची तरी बायकू तळमळत असती, आन् हे समदे पुरुष अंगनात हातावर हात धरून.

कादर : बाई, सुरुवात म्हणजे काय ते तुम्हाला कळायचं नाही.

अंबुबाई : मला? अरं, ह्या मुलखातल्या निम्म्या लोकांची सुरवात मी बघितलीय. तुझा ह्यो पिच्चरवाला अजून दारातच हाय. मी आत जाऊन येते. कळ्ळं?

कादर : झालं तुमचं समाधान? बंद करू?

अंबुबाई : थांब. त्या मुंग्या.

कादर : कसल्या मुंग्या?

अंबुबाई : मगाच्या रांगा. ज्योतीराम म्हनला, मुनीम न्हेला, काळोख झाला, आन् कुत्रं भुकाया लागलं. मधी मुंग्या न्हवत्या. मी त्याला दोनदा इचारलंय, काय काय बघितलंस म्हनून. मुंग्यांचं काय बोलला न्हाई.

कादर : ते... परवा दुसऱ्यांदा लावताना नावं सोडली मी. रीळ पुढं सरकवून लावलं.

अंबुबाई : का?

कादर : का म्हणजे? वाचतंय कोण? बसलेत सगळे अंगठेबहाद्दर. त्यांच्यासाठी इंजिनाचं तेल जाळू? काळोखापासून लावलं की झालं.

अंबुबाई : वाचता मलाबी येत न्हाई. पर मुंग्या दिसल्या का पिच्चर सुरू हुतोय, एवडं मला आज एकदा बघून कळ्ळं. त्यास्नी कळलं नसतं व्हय? तू त्या मुंग्या पुसल्यास, आन् मुनिमाला न्हेल्यावर लागलीच हिला आनून उभी केलीस. त्यांनी तू दावलंस तसं बघितलं. तुझ्यावर इस्वास ठेवला, बाबा, हीच त्यांची चूक. आन् तू वर त्यास्नीच अडानी म्हनतूस? थू तुझ्या शानपनावर.

कादर : मला काय माहीत, कुणी धोंडा मारेल म्हणून!

अंबुबाई : एवडा तोरा कशाचा रं? पिच्चर केला दुसऱ्यानं, इंजिन चांदभाईचं. तू नुस्ता त्याच्या शेजारी उभा ऱ्हातोस.

ज्योतीराम : कादरभाऊ! ओ कादरभाऊ! अंबुआत्या हितं आलीय म्हनं?

कादर : घ्या. आले धोंडेबहाद्दर. कोण, ज्योतीराम का? बाहेर का उभा? कनात उचल आणि ये आत.

ज्योतीराम : न्हाई येत. आत ती चालू हाय. मला कडी वाजताना ऐकू येतीय.

कादर : केलं बंद. ये आता.

ज्योतीराम : आत्या, सुभद्राला दुपारधरनं कळा लागल्यात. मूल खाली सरकंना. खेडला डाक्टरकडं सायकल हानली, तर त्यो परगावी गेलाय. आई म्हनती, अंबूला घेऊन ये. म्हनती, तुझ्या भुताला मी बघून घेते, आधी तिला आन.

अंबुबाई : मग आनायला आलास का हितं गप्पा मारायला?

ज्योतीराम : पर मला भ्या वाटतंय, आत्या. खोटं कशाला बोलू? तिकडं ती वरडतीय, जीव तुटतोय माझा. आन् तुज्याकडं बघितलं का वढ्यावरचंच दिसतंय.

कादर : ऐक, ज्योतीराम. ते रीळ पहिलं होतं. पिक्चर तिथून सुरू होतो. तुम्ही उशिरा आलात म्हणून मी ते शेवटी लावलं, आणि लावताना वरची नावं गाळली. ती बाई म्हणजे तो मुनीमच. दुसरं कुणी नाही. चूक माझी आहे. माझी, ऐकलंस? पाहिजे तर चावडीवर येऊन सांगतो.

ज्योतीराम : आज तुमी असं म्हनताय, भाऊ. परवा दुसरंच दावलंत. मी कुटलं खरं मानू?

कादर : अरे, मी...

अंबुबाई : गप ऱ्हा, कादर. तुझ्या बोलन्यानं आता काय हुनार न्हाई. तुझा कंदील दे हिकडं. पेटवून दे, कुरुळीला पोचूस्तवर अंधार पडंल. हां. ज्योतीराम, सायकल ऱ्हाऊ दे हितंच. चल.

ज्योतीराम : मी म्होरं चालू का तुज्या मागं?

अंबुबाई : म्होरं न्हाई, मागं न्हाई. शेजारनं चाल. कंदील तू धर.

ज्योतीराम : धरला.

अंबुबाई : खाली नगं. वर घे. अजून वर. माझ्या त्वांडावर धर.

ज्योतीराम : मग तुला वाट कशी दिसंल, आत्या?

अंबुबाई : वाट माझ्या पायाखालची हाय. तू माझं त्वांड बघत चल.