तोंडचा दाणा

अहो, पिंजरा असा हिंदकळू नका, मियाँ! कबुतराचं पिल्लू आहे ते, भाजी नव्हे. हां – डोळ्यांत पाणी आहे थोडं, पिसं फुगवून बसलंय. हल्ली बरीच अशीच बसतात, लखनऊची हवाच बिघडलीय, त्याला मी काय करू? घरी न्या नि बेगमसाहेबांना सांगा – भिजवलेला हरभरा आपल्या तोंडात चावायचा, पिल्लाची चोच ओठांत धरायची नि भरवायचं. किळस? किळस कसली त्यात! आमच्या चौकात पिढ्यान्‌पिढ्या असंच करतात. तोंडचा दाणा खाल्लेलं कबूतर धन्याला विसरत नाही, कितीही वर जाऊ दे, हाकेसरशी खाली उतरतं. माझे दात पडले तेव्हापासून ते काम आमच्या नुजहतचं. लेक माझी, एकुलती. तिनं भरवलेलं पाखरू आजवर परक्या गच्चीवर उतरलेलं नाही.

ऐकू येतंय ना आतून? तीच ती. ‘आ, आ’ करून पाखरांना बोलावतेय – गच्चीवरून नाही हो, खाटेवरून. ताप आहे. जुम्म्यापासून उतरायचं नाव नाही. खोकला नाही, सर्दी नाही, म्हणून मी म्हटलं, ऊन लागलं असेल. डोकं फुटतंय म्हणाली, मग बरळायलाच लागली. आता मला ओळखत नाही – जवळ गेलो की ओठ पुढे करते, जणू मीच तिचं पिल्लू. भीती वाटते हो. बापाचं काळीज आहे.

डॉक्टर? आणला की! छाती तपासली, कपाळाला आठ्या घातल्या नि विचारलं काय, तर – घरात पाखरं पाळता का? आली का पंचाईत! रविवारी नदीपलीकडच्यांशी कबूतरं उडवायचा सामना, इज्जतीचा प्रश्न, नि हो म्हटलं तर उद्या पाखरं उचलायला पालिकेची गाडी दारात. नाही म्हणालो. पाखरांचा नि तापाचा काय संबंध? टायफॉइडच्या गोळ्या देऊन गेला बिचारा. गुण येईल... यायला हवा ना?

असं काय बघताय? पिंजरा का ठेवलात खाली? कुठे – त्या डॉक्टरकडे? पाखरांचं सांगायला? खबरदार! माझ्या घरातली गोष्ट आहे. कबूतर घ्यायचं तर घ्या, नाहीतर चालू लागा. हो, निघाच! दार हळू ओढा, पाखरं बिथरतात.

थांबा. – तिचा आवाज का येत नाही?

नुजहत? बेटा? ...आ, आ...