भुऱ्याची खाज गेली, मानतो!

आता पुन्हा काऊन सांगाले लावता बाप्पा मले? सारा गाव हासून चुकला, तुमचंच राह्यलं काय? बरं, आयका. पन मधी हासाचं नाई!

तुम्हाले सांगतो, माहा कुत्रा भुऱ्या. नऊ वर्षं झाले, तलावावर जाळं काढाले गेलो का तो पुढं, मी मांगं. पाळीवर, म्हंजे तलावाच्या बांधावर, गवत डोक्याएवढं, आत वाघ हाय का डुक्कर, कोनाले दिसते? भुऱ्या भुकला का समजाचं, थांब शालिकराम! म्हून तं जित्ता हाय मी. त्याले लागली खाज. चामडी निघाली पार. मी गाडीचं जळकं ऑइल चोपडलं, तं चाटून वकला, दोन दिवस उठलाच नाई. रडू आलं हो मले... हासू नोका म्हटलं ना!

मंग आमची सून डिंपल. तिनं मोबाईलवर कोन्या वैद्यीनबाईले भुऱ्याची जीभ दाखवली. ते बाई म्हणे, "जीभ लालभडक आहे, अंगात उष्णता आहे. मासे बंद, तिखट बंद!" ढिवराच्या घरचा कुत्रा, अन मासोळी बंद? कोहळ्याची भाजी, मुगाची पेज, धन्याचं पानी. मले शिळा भात, त्याले ताजी पेज! पन खाज गेली, मानतो. महिन्याभरात केस आले चकचकीत.

खाज गेली, पन आतली आगबी गेली ना! कोंबडा पाठीवर चढला तरी गप. डिंपल म्हणे, "बाबा, पित्त शांत झालं त्याचं."

अन एका सकाळी तलावावर... तो पुढं, मी मांगं, भुकला नाई म्हून मी बिनधास्त... अन गवतातून अस्वल! दोन पायावर उभं! मी सिद्धा पान्यात, गळ्यापर्यंत. भुऱ्यानं अस्वलाले पाह्यलं, मले पाह्यलं, अन जांभई देल्ली हो! अस्वल दोन घंटे वारूळ खोदून राह्यलं, जळवा माह्या पोटऱ्या पिऊन राह्यल्या, अन हा पाळीवर ऊन खाऊन राह्यला. अरे भुक नं राजा, एकडाव!

घरी येऊन म्हटलं, चुलीत गेलं पथ्य! मासोळीचे मुंडके टाकले त्याच्या पुढं. चार दिवसात पुन्हा खाज, पुन्हा रगत. माह्याकडं पाहे अन कुईकुई करे... काय करता?

आता मीच कोहळं किसतो. तलावावर एकटा जातो, डबा वाजवत. डिंपल म्हणे, "चुकलं बाबा." पोरानं, भूपेशनं, बायकोच्या वतीनं हात जोडले. माफी राह्यली ते एकाचीच... थो पाहा, पेज पिऊन कसा पसरला हाय! भुऱ्या!