काडेपेटीचा फोन

सुरतेच्या प्लेगची धास्ती नवी मुंबईपर्यंत पोचली होती. बेलापूरच्या बसथांब्यावर दिघ्याची पुतळाबाई नाकाला पदर लावून सगळ्यांपासून लांबच उभी होती. तिच्या पुढं मुलांच्या समुपदेशन केंद्रातल्या विजयमालाबाई आणि एका मुलाचा बाप, कृष्णात, बोलत होते.

“बाई, केंद्राला कुलूप लागलं. आता आमच्या शिवतेजचं काय?”

“नवा आदेश आलाय. मुलं एकत्र बसवायची नाहीत. पण फोनवरून काम चालू ठेवता येईल.”

“फोनवर? आवो, जो पोरगा आईशी बोलत न्हाई, तो फोनवर काय बोलणार?”

“केंद्रात माझ्याशी कसा बोलतो?”

“काडेपेट्यांना दोरा बांधून. तुमी दाराआड बसता, तो हिकडनं बोलतो.”

“मग हाही फोनच की. एवढ्या महिन्यांनी पोर बोलायला लागलंय, कृष्णात. प्लेग येऊ दे नाहीतर काही येऊ दे, ते मी बंद पडू देणार नाही. रोज चारला मी घरी फोनजवळ बसते.”

“पण आमचा पीसीओवाला दिघ्यातनं गावाला पळालाय. आन् ज्यांच्या घरी फोन हाय, ते दारात उभं करत न्हाईत.”

“मग मी येते दिघ्याला. दारोदार विचारते.”

पुतळाबाईनं नाकावरचा पदर काढला आणि ती दोन पावलं पुढं आली.

“दिघ्यान आमचे घरान फोन हाय. उद्या चारला पोराला घेऊन ये. तो बोलंल तवर मी ओटीवर बसन.”