दुधातल्या लोंब्या

सन्माननीय अध्यक्ष रावसाहेब, व्यासपीठावरील मान्यवर पाहुणे, आजचे सत्कारमूर्ती श्री. आत्माराम शिगवण, पावस-पूर्णगडाकडून उन्हातान्हातून चालत आलेले शेतकरी बांधव, आणि मागे चटईवर दाटीनं बसलेल्या माझ्या भगिनींनो,

भातावर काम करणाऱ्या माणसाला निरोप द्यायला मुलींच्या शाळेतल्या बाईंना का उभं केलं, असं काहींच्या मनात आलं असेल. मलाही तसंच वाटलं. माझं शिक्षण मुंबईच्या कॉन्व्हेंटात झालं. तिथं आम्ही फुलांची चित्रं पुष्कळ काढली, पण भाताला फूल येतं हे मला शिगवणांनी दाखवलं तेव्हा कळलं. शेतकी खात्यानं त्यांना दिलेलं प्रयोगाचं शेत आमच्या शाळेच्या कुंपणाला लागून. एके दिवशी ते भरतकामाची बारीक कात्री मागायला आले. मला वाटलं, घरात कुणी मुलगी शिवण शिकते आहे. कॉन्व्हेंटातल्या सिस्टर आग्नेसनं मला दिलेली ती कात्री मग भाताच्या फुलावर चालू लागली. फूल उमलायच्या आत त्यातले पुंकेसर काढायचे, दुसऱ्या भाताचे पराग त्यावर झाडायचे आणि वर कागदाची टोपी घालायची. किती नाजूक काम, आणि तेही शेतकऱ्याच्या रुंद बोटांनी!

हा खटाटोप कशासाठी? आपलं उतारावरचं हळवं भात लवकर तयार होतं, पण अर्धी लोंबी पोचट. खाडीकडचं गरवं भात दाण्यानं भरलेलं, पण ते उशिरा पिकतं, आणि तोवर उतारावरचं पाणी आटलेलं असतं. पोचट निघालं की आपण पावसाला बोल लावतो. शिगवण म्हणायचे, "बाई, पाऊस कारण आहेच, पण वंशाचाही हुकूम असतो. पानात साखर होते, ती दाण्यात उतरते, तिथं तिचं पीठ होतं. हे काम शेवटपर्यंत नेण्याचा गुण काही भातांना आईबापांकडून मिळालेलाच नसतो." एकदा त्यांनी आमच्या औषधपेटीतलं आयोडीन घेतलं. कापलेल्या भरल्या दाण्यावर थेंब पडला की तो काळानिळा, पोचटात मात्र नुसता पिवळा डाग. मुलींनी टाळ्या पिटल्या.

पूर्णगडच्या वरच्या वाडीतले भागोजी इथं बसले आहेत. ते कुंपणाशी येऊन विचारायचे, "काय सायेब, भाताचं लगीन तर लावलंत, आता पाळणा कवा?"

"सून आत्ताच आलीय, भागोजी. जरा धीर धरा."

"पोटाला धीर असता, तर येवढं चालत कशाला आलो असतो?"

हसू नका. त्या दिवशी शिगवणही हसले नव्हते. बी तयार झालं की पहिली मूठ वरच्या वाड्यांना, असा शब्द त्यांनी तिथंच दिला.

त्या संकरातून एकच रोप हाती लागलं. त्याच्या दाण्यांतून पुढच्या साली नाना तऱ्हेची रोपं निघणार होती, आणि त्यांतून लवकर पिकणारं, भरल्या दाण्याचं निवडायचं होतं. रोप जोमदार आलं. दसऱ्याला शेजारचं हळवं भात पिवळं झालं होतं. हे अजून हिरवं होतं, दाणे दुधात होते, बियाण्याला अजून कच्चे.

दसऱ्याला आपण दाराला नव्या भाताच्या लोंब्यांचं नवं बांधतो. शिगवणांच्या मातोश्री राहीबाई मंडणगडाहून लेकाकडे राहायला आल्या होत्या. मी झेंडू तोडत कुंपणाशी होते. म्हातारी विळा घेऊन शेतात उतरली, इकडच्या तिकडच्या लोंब्या चिमटून पाहिल्या आणि नेमकी त्या रोपापाशी वाकली. शिगवण बांधावर उभे होते.

"आत्मा, बघ रं! ह्या पिकल्या भातात निम्मं पोचट. आन् ह्यात दूध कसं भरलंय! देवाला काय पोचट बांधू?"

ते बांधावरून दोन पावलं खाली उतरले.

"खोताच्या शेतातलं मागून आणून नवं बांधण्यात जलम गेला माझा. आज माझ्या लेकाच्या शेतातलं बांधणार."

मला वाटलं, आता ते ओरडतील. ते म्हणाले, "काप, आई. हात सांभाळ."

राहीबाई रोपाच्या सगळ्या लोंब्या कापून घेऊन गेल्यावर मी विचारलं, "अहो, थांबवलं का नाही?"

"काय सांगणार होतो, बाई? हे शेत माझं नाही, सरकारचं आहे, इथपासून सुरुवात करावी लागली असती."

दारावरच्या त्या लोंब्यांतले दाणे त्यांनी पुढं ओल्या फडक्यात ठेवले. एकालाही मोड आला नाही, सगळे कुजले. दुसऱ्या साली पुन्हा संकर केला, तर ऐन फुलोऱ्यात झड लागली आणि काहीच धरलं नाही. गेल्या मार्गशीर्षात राहीबाई गेल्या. आता हा बदलीचा हुकूम: देशावर, जोंधळ्याच्या कामावर. भाताचं काम इथं पुढं चालवायला कुणी नाही.

ते रोप पाण्यात गेलं, असंच तुम्ही सारे समजत आलात. आई आहे तोवर बोलू नका, असं त्यांनी मला बजावलं होतं. काल म्हणाले, "आता सांगा. मला उभं राहून सांगता यायचं नाही." ते चुकले का? मी कितीदा विचार केला. वरच्या वाड्यांतल्या बायका भाद्रपदात, कणग्या रिकाम्या झाल्यावर, चुलीवर काय शिजवतात हे आठवलं की वाटतं, चुकले. राहीबाईंचा त्या दिवसाचा चेहरा आठवला की जीभ अडखळते.

अध्यक्षमहाराजांनी मला बोलू दिलं, आपण शांतपणे ऐकलंत, त्याबद्दल मी ऋणी आहे. माझ्या बोलण्यात काही उणं-अधिक झालं असेल तर पदरात घ्या. पण भागोजी, आणि वरच्या वाड्यांतून आलेल्या सगळ्यांनो, आणखी एक क्षमा मी शिगवणांच्या वतीनं मागते. त्यांनी तुम्हांला बी देतो म्हणून शब्द दिला होता. ते बी झालं नाही. संध्याकाळच्या मोटारीनं ते निघतील. तुमच्यापैकी कुणी त्यांच्याबरोबर मोटारीपर्यंत चालत गेलं, तर फार बरं होईल.