तीन जुने दोर

१२ फेब्रुवारी १९९६, सोमवार, सकाळचे सात वाजून चाळीस मिनिटं. हे आधी लिहून घ्या, माझं नाव-गाव नंतर, कारण माझ्या नोंदवहीतली पहिली नोंद त्या वेळेची आहे आणि मी जे सांगणार आहे ते त्या वहीला धरूनच सांगणार आहे. आठवण माणसाच्या बाजूनं झुकते, आकडा झुकत नाही, निदान तेव्हा मी असं मानत होते.

मी वैशाली. आम्ही मूळचे पाटण तालुक्यातले. वडील, म्हणजे अण्णा, वाशीच्या धान्यबाजारात माथाडी, आणि आमचं घर कोपरखैरण्याला. अण्णा संध्याकाळी घरी आले की भिंतीला पाठ न टेकता बसायचे, टेकवतच नसत, आणि म्हणायचे, वैशे, गोणीवर नाव शेटचं असतंय आन् वळ आमच्या पाठीवर, तू शिक, कागदावर तुझं नाव आलं पायजे. मी शिकले. एम.एस्सी., रसायनशास्त्र, पहिला वर्ग. बघा, तुम्ही विचारलं नव्हतं, तरी मी वर्ग सांगितलाच.

महाप्याला रंगद्रव्यांच्या एका लहान कारखान्यात मला प्रयोगशाळेत नोकरी लागली. मालकांना आम्ही सगळे सर म्हणायचो. कारखान्यातून जे खारट सांडपाणी निघायचं ते खाडीत सोडायला बंदी होती, म्हणून ते तापलेल्या नळ्यांमधून फिरवून आटवायचं, आणि तिथंच आमची सगळी अडचण होती, कारण नळ्यांच्या आत चुन्यासारखा पांढरा थर धरायचा, कठीण, दगडासारखा, आणि सत्तर तास झाले की यंत्र बंद, नळ्या आम्लानं धुवा, पुन्हा सुरू करा, पुन्हा सत्तर तास. त्या सोमवारची माझी पहिली नोंद तीच आहे. सत्तर.

यंत्रावर जानूदादा होते. हुद्दा हेल्पर, शिक्षण चौथी, वय पन्नाशीच्या आसपास, राहणार बोनकोडे. तिथले मूळचेच, त्यांचे वडील, आजोबा, सगळे मिठागरात राबलेले. मी वही घेऊन दर तासाला यायचे, तापमान, घनता, चाललेले तास लिहायचे, सही करायचे, आणि ते हसायचे. म्हणायचे, बाय, तुजा लगीन ह्या वहीशीच लाव, नवरा तरी धडाचा भेटंल, उलटून बोलनार नाय. मी म्हणायचे, जानूदादा, आकड्याशिवाय काही कळत नाही. ते म्हणायचे, मंग मना कसा कलतं? आणि खरोखर त्यांना कळायचं, काय सांगू तुम्हाला, पाण्यात बोट बुडवून, चोळून ते सांगायचे की आता थर धरणार, आणि माझं घनतेचं उपकरण तेच सांगायचं, फक्त अर्ध्या तासानं.

एक दिवस ते काथ्याचे बारा दोर घेऊन आले. नळ्यांच्या आधी गरम पाण्याची एक टाकी होती, तिच्यात त्यांनी ते दोर पडद्यासारखे सोडले. मी विचारलं, हे काय? तर म्हणाले, मिठागरान समिंदराचा पानी एकदम मिठाचे कोंडीन नाय घेत, आधी दुसरे कोंडीन तापवतान, थराचा जो कचरा हाय तो तिथंच बसतं, मंग फुडं मीठ सफेत येतं. इथं जागा नाय, म्हनून दोर. कोंडी म्हणजे मिठागरातला पाणी साठवायचा वाफा. थर दोरावर बसला. नळ्या स्वच्छ राहिल्या. सत्तराचे एकशे तीस झाले, मग दोनशे नव्वद, मग चारशे बारा तास. चारशे बाराचा आकडा मी लिहिला तेव्हा ते दोर पांढरे, जाडजूड, खडीसाखरेसारखे दिसत होते. दोर फार जाड झाले की जानूदादा बदलायचे, पण नऊच बदलायचे. तीन जुने तसेच ठेवायचे. मला वाटायचं काटकसर करतात. माझ्या वहीत दोरांसाठी रकाना नव्हता.

मग पुरस्काराचा अर्ज आला. दिल्लीचा, राष्ट्रीय पातळीवरचा, उद्योगातल्या नव्या तंत्रासाठी. कारखान्यानं आपल्याकडच्या संशोधकांची नावं सुचवायची होती. लिहिण्याचं काम सरांनी माझ्यावर सोपवलं. मी जानूदादांना सांगितलं, ते हात पुसून म्हणाले, बाय, माजे बापाचा जलम मिठागरान गेला पन कागदावं त्याचा नाव कंदी नव्हता, आगर सरकारनं घेतला तवा कागदावं ज्याचा नाव त्याला पैसा भेटला, आमाला कोनी इचारला पन नाय. ह्या कागदावं माजा नाव घाल. मी म्हटलं, घालते. असं मी म्हटलं होतं, हे तुम्ही ठळक लिहा.

अर्जात नावांसाठी दोनच ओळी होत्या, आणि पुढं शैक्षणिक पात्रता. पहिल्या ओळीत सर स्वतः, ते गृहीतच होतं. दुसऱ्या ओळीत मी पेन्सिलीनं जानूदादांचं नाव लिहून सरांपुढं ठेवलं. सर हसले. म्हणाले, वैशाली, प्रॅक्टिकल हो ना, समितीनं मेकॅनिझम विचारलं तर हा काय सांगणार, मिठागर? रीडिंग्ज कोणाची? तुझी. सही कोणाची? तुझी. मग टेन्शन कसलं घेतेस, अजून पीएच.डी. करायचीय ना तुला? मी घरी येऊन विचार केला, पद्धतशीर केला, मला तो करता येतो. मोजमाप माझं, मांडणी माझी, स्पष्टीकरण माझं, कल्पना त्यांची. तीन विरुद्ध एक. दुसऱ्या दिवशी पेन्सिल खोडली आणि निळ्या शाईनं माझं नाव लिहिलं. समोर पात्रता लिहिली. पहिला वर्ग.

अर्ज पाठवायच्या दिवशी जानूदादा प्रयोगशाळेच्या दारात आले, चपला बाहेर काढून आले, आणि म्हणाले, बाय, माजा नाव कंचा? बोट ठेव. इंग्रजी अर्ज, त्यांना ते वाचता येत नव्हतं. मी खाली मजकुरात जिथं काथ्याचे दोर या अर्थाचा इंग्रजी शब्द होता तिथं बोट ठेवलं. ते वाकले, त्या शब्दाकडं बघत राहिले, आणि म्हणाले, बारीक लिवलाय, पन लिवलाय.

पुरस्कार मिळाला. सर आणि मी दिल्लीला जाऊन आलो, फोटो झाले, अण्णांनी मानपत्राची चौकट करून देवांच्या वर लावली आणि बाजारातल्या टोळीला पेढे वाटले, म्हणाले, आमच्या लेकीचं नाव दिल्लीला गेलं. मानपत्राची एक झेरॉक्स कारखान्यात फळ्यावर लागली, तशीच एक जानूदादांनी ऑफिसातून मागून घेतली, घरी दाखवायला. त्यांची मुलगी रंजना तेव्हा कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होती. तिनं वाचून दाखवली असणार. दुसऱ्या दिवशी ते आले, माझ्यावर ओरडतील असं मला वाटलं, ओरडले असते तर बरं झालं असतं. दोर कापायचा आपला कोयता त्यांनी माझ्या टेबलावर ठेवला आणि एवढंच म्हणाले, बाय, नाव नसता घातला तरी चाललं असता, बोट खोटा नाय ठेवाचा. त्या दिवसानंतर ते कामावर आले नाहीत. उरणजवळ मोऱ्याला मेव्हण्याच्या होडीवर जातात, असं कळलं.

पुढच्या महिन्यात यंत्र बघायला पाहुणे येणार होते. सरांनी सगळं रंगवून घेतलं. सुपरवायझर मला म्हणाला, मॅडम, दोर लय घाण दिसतात, सगळेच नवीन लावू का? मी म्हटलं, लावा. मीच म्हटलं. पाहुण्यांनी कौतुक केलं, चहा घेतला, गेले. त्यानंतरच्या खेपेला यंत्र नव्वद तासांत बंद पडलं.

आणि तेव्हा मला कळलं की ते तीन जुने दोर काय होते. नवा थर जुन्या थरावर धरतो, कोऱ्या दोरावर धरत नाही, आणि दोरावर धरला नाही की नळीवर धरतो. स्फटिकाला बीज लागतं. एम.एस्सी.ला यावर अख्खं प्रकरण होतं, त्यात मला चांगले गुण होते. मी त्याच थराची पांढरी भुकटी नव्या दोरांना चोळून बघितली, दिवसभरात धुऊन गेली. जुने दोर कचऱ्यात गेले होते.

शेवटी मी मोऱ्याला गेले. धक्क्याजवळ जानूदादा जाळं सांधत बसले होते. मला बघून उठले, मेव्हण्याच्या घरून चहा मागवला, अण्णांची चौकशी केली. मी विचारलं, जानूदादा, सगळेच दोर कोरे असले तर पहिला थर कसा धरवायचा? त्यांनी जाळ्यावरची नजर काढली नाही. म्हणाले, तुजे कागदान लिवला नाय काय? मी म्हटलं, नाही. ते म्हणाले, मंग ज्याचा नाव हाय त्याला इचार. आणि थोड्या वेळानं, रागानं नाही हं, अगदी साधेपणानं म्हणाले, चा पी, निवंल.

ते यंत्र आता बंद आहे, सांडपाणी टँकरनं बाहेर जातं. त्या मानपत्राच्या जोरावर मला मोठ्या कंपनीत नोकरी मिळाली. पीएच.डी. केली नाही, प्रबंधाचा विषय विचारतील आणि मला तोच एक विषय येतो. अण्णा अजून रोज चौकट पुसतात. मी त्यांना सांगितलेलं नाही, आणि तुम्ही हे छापाल तेव्हा ते वाचणार नाहीत, त्यांना कोणी वाचून दाखवलं तर दाखवो.

वही मी ठेवली आहे. शेवटच्या पानावर मी दोरांसाठी एक रकाना आखला होता, तो कोराच राहिला. त्याच्या शेजारी माझ्याच अक्षरात, माझ्याच सहीनं, यंत्र बंद पडेपर्यंत चाललेले तास: अडुसष्ट.