दोन झेंडीवाले आणि एक पांढरी गाडी

सन्माननीय अध्यक्ष आणि अर्थखात्याचे सचिव साहेब, व्यासपीठावरचे आजी-माजी अधिकारी, पत्रोत्तर विभागातून आज संध्याकाळी सहा वाजता निवृत्त होणाऱ्या सत्कारमूर्ती ताई, त्यांच्या घरची मंडळी, आणि मला दारात बघून कुजबुजलेले सर्व कर्मचारी बंधुभगिनी,

कुजबूज मला ऐकू आली. "पाचपानी आले" असंच म्हणालात ना? या कार्यालयात माझं हे नाव पडलंय हे मला गेल्या महिन्यापर्यंत ठाऊक नव्हतं. राग नाही. माझी पत्रं पाच पानांच्या खाली कधी आली नाहीत, तेव्हा नाव ठेवणाऱ्याचं काही चुकलेलं नाही. सर्वांत जास्त पत्रं लिहिणारा नागरिक म्हणून आपण मला दोन शब्द बोलायला बोलावलंत, जरा गंमत होईल म्हणून. गंमत होईल की नाही, सांगता येत नाही.

ज्यांना मी माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. माझा बटणांचा कारखाना आहे. तुमच्यापैकी निम्म्यांच्या शर्टांना आत्ता माझीच बटणं असतील. राहती दोन घरं आहेत, थोडी जमीन आहे, त्यामुळे संपत्ती कराच्या जाळ्यात मी पहिल्याच वर्षी सापडलो. आपलं सरकार स्वतःला मध्यापासून जरासं डावीकडचं म्हणवतं. कर भरणाऱ्याच्या खुर्चीतून ते 'जरासं' दिसत नाही, एवढं बोलतो आणि पुढे जातो. पैसेवाल्यांवर कर बसवायचा आणि त्यातून पूल, रस्ते, पाण्याच्या वाहिन्या बांधायच्या, हे यांचं धोरण. वर्तमानपत्रांनी झोडपलं, कारखानदारांच्या संघटनेनं झोडपलं, आणि सात वर्षांत त्र्याण्णव पत्रं लिहून मीही मागे राहिलो नाही. कर मला तेव्हा मान्य नव्हता, आजही नाही. साहेब, हसू नका, चौऱ्याण्णवावं पत्र लिहून झालेलं आहे.

तेच आत्ता माझ्या खिशात आहे. पण ते कराबद्दल नाही आणि पाच पानी तर नाहीच. ते सहाच्या आत इथल्या आवक नोंदीत चढायला हवं, कारण सहानंतर ताई नोकरीत नसतील. त्यांच्या सेवापुस्तकात एक लेखी ताकीद आहे. त्या ताकिदीमुळे त्या विभागप्रमुख झाल्या नाहीत. ती ताकीद माझ्यामुळे आहे.

जरा पुढे सरकून ऐका. मला मोठ्यानं बोलवत नाही.

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. नदीवरच्या नव्या पुलासाठी आमच्या कारखान्यासमोरचा रस्ता उखणून ठेवला होता. दीड वर्ष. मला तर आयतंच कोलीत मिळालं. माझ्या एकेचाळिसाव्या पत्रात मी लिहिलं की हा पूल म्हणजे उधळपट्टी आहे, आकडे दिले, दुसऱ्या देशांचे दाखले दिले, आणि चौथ्या पानावर, केवळ मुद्दा ठसवायला म्हणून, एक वाक्य टाकलं: 'माझ्या पत्नीला आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी पलीकडच्या रुग्णालयात जावं लागतं, तिला आता वीटभट्ट्यांवरून तासाभराचा वळसा पडतो आणि परतताना तिला उलट्या होतात.' वाक्य टाकलं आणि विसरलो. उत्तर आलं तेही नेहमीसारखं सभ्य, दीड पानाचं. वाचून ठेवून दिलं.

पुढच्याच महिन्यात एका मंगळवारी दुपारी मी माझ्या तिसऱ्या मजल्यावरच्या खिडकीतून एक दृश्य पाहिलं. उखणलेल्या रस्त्यावर लोखंडी पत्रे टाकलेले, दोन्ही टोकांना एकेक झेंडीवाला उभा, आणि दोन तासांत मोजून एक गाडी गेली. पांढरी. मी डायरीत लिहिलं. शुक्रवारी पुन्हा तेच. पुढच्या मंगळवारी पुन्हा. माझ्या अंगात वारं शिरलं. आमच्या करातून दोन माणसं नुसती झेंड्या धरायला? पाच पानं लिहिली, एक प्रत इथे पाठवली, एक वर्तमानपत्राला. त्यांनी ती पहिल्या पानावर छापली. विरोधकांनी सभागृहात प्रश्न विचारला. आधीच करावरून सरकारच्या नाकी नऊ आले होते, त्यात हे. चौकशी लागली, पत्रे उचलले गेले, झेंडीवाले गेले. मी कारखान्यात सगळ्यांना चहा पाजला.

त्या दिवशी घरी गेलो तर आमची सूनबाई म्हणाली, "बाबा, रस्ता परत बंद झाला. आईंना आज पुन्हा भट्ट्यांवरून आणलं." मी म्हणालो, "या सरकारकडून दुसरी काय अपेक्षा ठेवायची?"

तुमच्या लक्षात आलं असेल. माझ्या लक्षात यायला चार वर्षं लागली. रस्ता मिळतो असं घरात कोणी सांगितलं नसेल असं नाही, मी ऐकलं नसेल. पांढऱ्या गाड्या वरून सगळ्या सारख्याच दिसतात. माझीही पांढरीच आहे.

गेल्या महिन्यात नव्या पत्रासाठी जुने संदर्भ हवे होते म्हणून मी इथे येऊन माझीच फाईल बघायला मागितली. नियमात बसतं. समोरच्या मुलीनं अख्खा गठ्ठाच ठेवला, चौकशीच्या कागदांसकट. तेव्हा ताईंची पद्धत मला कळली, तुम्हाला ती रोजची आहे. पत्र पूर्ण वाचायचं आणि शिसपेन्सिलीनं एकाच वाक्याखाली रेघ ओढायची. त्या माणसाला खरं काय हवंय ते त्या वाक्यात. माझ्या बहुतेक पत्रांत कुठेच रेघ नव्हती, हे पाहून जरा अपमान वाटला. एकेचाळिसाव्या पत्रात मात्र होती. चौथ्या पानावर, उलट्यांच्या वाक्याखाली. समासात बारीक अक्षरात: 'परतीची वेळ रुग्णालयात विचारली: मंगळवार, शुक्रवार, दुपारी बारा ते दोन. ठेकेदाराशी बोलले.'

ताई परस्पर ठेकेदाराशी बोलल्या, तो त्यांचा अधिकार नव्हता. वरच्या परवानगीला दोन महिने लागले असते आणि माझी पत्नी तर दर आठवड्याला दोनदा ओकत होती. चुकलं ते एवढंच, आणि चौकशीत त्यांनी ते कबूलही केलं. पण खाली आणखी एक कागद होता. मंत्र्यांच्या कार्यालयातून विचारणा आली होती की ती गाडी कोणाची, रुग्णाचं नाव द्या, म्हणजे सभागृहात सांगता येईल. त्यावर ताईंचा शेरा, शब्दशः वाचतो: 'नाव देता येणार नाही. लोकांच्या घरचं दुखणं आपल्याकडे उत्तर देण्यासाठी येतं. ते सभागृहात मांडण्यासाठी त्यांनी कळवलेलं नसतं.'

मंडळी, नाव दिलं असतं तर काय झालं असतं? मंत्री उभे राहून म्हणाले असते की तक्रारदाराच्या बायकोचीच गाडी होती. गावभर माझी छी थू झाली असती, सरकारची बाजू एका दिवसात सावरली असती, आणि ताकिदीऐवजी यांच्या हातात प्रशंसापत्र असतं. यांनी ताकीद घेतली. आणि खुलाशाच्या मागे एक अर्ज जोडला, की तो रस्ता रीतसर मंजूर करून पुन्हा खुला करावा. तीन आठवड्यांनी झाला. तीन आठवडे म्हणजे सहा फेऱ्या. त्या माझ्या नावावर आहेत.

त्यानंतर मी या कार्यालयाला एक्कावन्न पत्रं लिहिली. एक्कावन्नही पत्रांना ताईंनी उत्तर दिलं, आणि एकाही उत्तरात हे नाही.

फाईल घरी नेता येत नाही, म्हणून दुसऱ्या दिवशी आमच्या मंडळींना, म्हणजे पत्नीला, इथे घेऊन आलो. त्या बघा, दुसऱ्या रांगेत बसल्या आहेत, राखाडी शालीत. नव्या पुलावरून अकरा मिनिटांत आलो. या पुलावरून जाताना मी तत्त्व म्हणून बाहेर बघत नाही, पण त्या दिवशी बघितलं. त्यांनी सगळे कागद सावकाश वाचले आणि मला म्हणाल्या, "इतकी पानं लिहिलीत ना? आता हे एक पान लिहा. आणि सगळ्यांसमोर वाचा, ती तक्रारही छापून आली होती."

तेव्हा वाचतो. एकच पान आहे, त्यातही अर्धं.

'सचिव महोदय, झेंडीवाल्यांबद्दलची माझी तक्रार मी मागे घेत आहे. मोजलेली गाडी माझ्या पत्नीची होती. आपल्या कर्मचारी भगिनींना त्या तक्रारीवरून दिलेली ताकीद त्यांच्या निवृत्तीपूर्वी सेवापुस्तकातून काढावी, ही विनंती. या पत्राची प्रत त्याच वर्तमानपत्राला पाठवली आहे. माझ्या नावासह छापावी असं कळवलं आहे.'

ताई, तुम्हाला विचारून हे बोललो नाही. विचारलं असतं तर तुम्ही नको म्हणाला असता, आणि माझी परत सुटका झाली असती. वयानं मी तुमच्यापेक्षा मोठा आहे, तरी ताई म्हणतो. सगळे म्हणतात म्हणून नव्हे, मला म्हणावंसं वाटतं म्हणून. उद्यापासून कराबद्दलची माझी पत्रं दुसरं कोणीतरी वाचेल. त्याला पेन्सिल देऊन जा.

अध्यक्ष महोदयांनी मला बोलू दिलं, आपण सर्वांनी हसत आणि नंतर न हसता ऐकून घेतलं, त्याबद्दल आभार. समारंभात शेवटी, बोलण्याच्या ओघात काही चुकलं असेल तर सांभाळून घ्या, असं म्हणतात. मला 'असेल तर' म्हणायची सोय नाही. ताई, माझं चुकलं. मला माफ करा.

साहेब, सहाला अजून वीस मिनिटं आहेत. आवक शिक्का कोणाकडे आहे?