इथं कोडी आहे

तुम्ही राहता त्या घराखालून पूर्वी पाणी कुठून कुठं जायचं, ठाऊक आहे का तुम्हाला? नाही ना? घर बांधणाऱ्याला तरी विचारलंत? तेही नाही. रागावू नका, मी सगळ्यांनाच हे विचारते. लग्नाला गेले तरी विचारते, मग लोक ताट घेऊन दुसऱ्या पंगतीत जाऊन बसतात. पण तुम्ही लिहायलाच आलाय, तर हा प्रश्न पहिला लिहा, माझं नाव नंतर लिहा.

माझं नाव सुनंदा. आम्ही बेंगळुरूचे मराठी. तीनशे वर्षं झाली म्हणायचे वडील, पुराव्याला काही नाही, फक्त देव्हारा आणि आमची मराठी. ती मराठी पण कशी, तर स्वल्प थांब, सरी येते, अशी, सरी म्हणजे बरं. पुण्याचा माणूस ऐकतो आणि आधी हसतो. वडील जयनगरात शिंपी होते. कापडावर खडूनं रेघ मारायचे ती मी बघत बसायची, एका दमात, न थांबता, खांद्यापासून बगलेपर्यंत. मला वाटायचं रेघ मारणं हेच खरं काम, कात्री काय कुणीही चालवेल. म्हणून मी डिप्लोमा केला तो पण रेघा मारण्याचाच, आणि जयनगरातच रामय्या सरांच्या ऑफिसात ट्रेसर म्हणून लागले. रामय्या सर आर्किटेक्ट, जुने, कन्नड माणूस, बोलणं कमी. ट्रेसर म्हणजे काय, तर साहेब लोक पेन्सिलीनं नकाशा काढणार, आम्ही त्यावर पारदर्शक कागद ठेवून शाईनं तो गिरवणार. खाली उजव्या कोपऱ्यात चौकोन असतात. काढणाऱ्याच्या चौकोनात आमची दोन अक्षरं. तपासणाऱ्याच्या चौकोनात साहेबांची. नऊ वर्षं मी एकाच चौकोनात राहिले.

आता मामाचं सांगते, मध्येच आलं असं वाटेल, पण ते लागणार आहे. माझा मामा बेळ्ळंदूरच्या अलीकडं एका खेड्यात शाळामास्तर होता. दसऱ्याच्या सुट्टीत मी तिकडं जायची. तिथं एक लहान केरे होती, केरे म्हणजे तळं, इकडं सगळे केरेच म्हणतात. केरेच्या बांधाला एका टोकाला दगडांनी बांधलेली खालची जागा असते, तळं भरलं की जास्तीचं पाणी तिथून उतरतं आणि ओढ्यानं खालच्या तळ्यात जातं. त्या जागेला म्हणतात कोडी. कोडी वाहायला लागली की गावातल्या बायका नटून तिथं जायच्या, सुपात हळदकुंकू, बांगड्या, तांदूळ घालून पाण्याला बागिन द्यायच्या, आपण वाण देतो ना तसं. मामी मला पण न्यायची. मी दोनदा बघितलं ते. पुढं वरची तळी आटली, कोडी वाहायची थांबली, ओढ्यात लोकांनी नांगर घातला, आणि मामाची बदली झाली. संपलं.

नव्वद साल उलटल्यावर आमच्या ऑफिसात पुण्याहून मिलिंद आला. तरुण इंजिनियर, दाढी, खांद्याला झोळी. मोठ्या ठेकेदाराकडची नोकरी सोडून आला होता, कशासाठी, तर मातीच्या विटा करायला. भाजायच्या नाहीत, बरं का. पाया खणताना निघते तीच माती चाळायची, त्यात थोडं सिमेंट, यंत्राच्या साच्यात घालून दांडा दाबायचा, वीट बाहेर. मग ओल्या पोत्याखाली ठेवायची. भट्टी नको, लाकूड नको, लांबून ट्रक नको. मिलिंद बोलायला लागला की हातातला चहा गार व्हायचा. म्हणायचा, भट्ट्यांनी इथल्या तळ्यांचा गाळ खाल्ला, झाडं खाल्ली, आणि आपण त्याला विकास म्हणतो, लाज कशी वाटत नाही आपल्याला? मी आईला सांगितलं तर ती म्हणाली, शिकून सवरून मातीच्या घरात जायचं होतं तर आधी बाहेर कशाला आलो? पण मला त्याचं पटायचं. आणि मराठी बोलणारं कुणीतरी ऑफिसात आलं याचा आनंद काय सांगू तुम्हाला. तो मात्र माझं बोलणं ऐकून हसायचा. सुनंदाताई, ही तुमची मराठी म्हणजे इडलीवर तूप-मेतकूट. मी म्हणायची, खाऊन तर बघा.

तर शिक्षकांची एक सोसायटी होती, तिची तीस घरं आमच्याकडं आली. मातीच्या विटांची पहिलीच एवढी मोठी वसाहत. मिलिंदला झोप नव्हती. ही उभी राहिली तर लोक मागं येतील, हिला काही झालं तर माती म्हणताच पुढची वीस वर्षं लोक हसतील, असं तो रोज म्हणायचा. त्यानं जागेचा नकाशा माझ्या टेबलावर ठेवला. मी कागद चढवला, पेन घेतलं, आणि उंचसखल दाखवणाऱ्या रेघा गिरवायला लागले. एका जागी सगळ्या रेघा आत वळत होत्या, साडीच्या निरीसारख्या, एकाखाली एक. हात थांबला. रस्ता बघितला, गावाचं नाव बघितलं. मामाची शाळा. केरेचा बांध. आणि त्या निरीवर आडवी मांडलेली आठ घरं.

मी उठून मिलिंदकडं गेले. म्हटलं, साहेब, इथं कोडी आहे.

तो मान वर न करता म्हणाला, कोडी घालू नका हो ताई, वेळ नाही, शुक्रवारी मीटिंग आहे.

मी म्हटलं, मी कुठं घालतेय, ती आहेच तिथं, आधीपासून.

तो म्हणाला, हो, प्रत्येक जागेत असतात, तीच सोडवायला तर बसलोय आपण.

मला वाटलं, बरं झालं, त्याला माहीत आहे. त्याला वाटलं, बाई काहीतरी तत्त्वज्ञान सांगतेय. दोघं मराठी बोलत होतो, बघा. परकी भाषा असती तर माणूस दोनदा विचारतो, काय म्हणालात म्हणून. आपलीच असली की विचारत नाही.

मी जाऊन ओढ्याची तुटक रेघ नकाशावर शाईनं काढून टाकली, बांधापासून त्या आठ घरांतून खालपर्यंत. संध्याकाळी मिलिंदनं ती बघितली आणि चिडला. ही कुणी काढली? मूळ नकाशात नाही ती. मी तोंड उघडेपर्यंत त्यानं ब्लेड घेऊन ती खरवडली. शाई चुकली की आम्ही असंच करतो, ब्लेडनं हळूच कागदाचा पापुद्रा काढायचा. पण त्यानं रागानं खरवडली. म्हणाला, ताई, नकाशात जे आहे तेवढंच गिरवायचं. मी म्हटलं सरी. का म्हटलं? सांगते. तेव्हा ऑफिसात कॉम्प्युटर येणार असं चाललं होतं. आम्ही तिघं ट्रेसर. कॉम्प्युटर आला की तिघं कशाला? घरी वडिलांची नजर गेलेली, सुईत दोरा मी ओवून द्यायची. साहेबाशी वाद घालणाऱ्या ट्रेसरला कोण ठेवणार? म्हणून सरी म्हटलं आणि तीन दिवस मला जेवण गेलं नाही. डोळ्यापुढं ती आठ घरं, आणि त्यात राहायला येणारे मास्तर, मामासारखे.

शुक्रवारी मीटिंग. नकाशाच्या निळ्या प्रिंटा काढून मीच भिंतीला लावल्या. सोसायटीतले सहा जण आले होते, त्यांच्या सेक्रेटरी शारदम्मा टीचर, गणिताच्या, आवाज असा की खिडकी हलावी. मिलिंद समजावून सांगत होता. रामय्या सर प्रिंट बघत होते, मग उठले, जवळ गेले आणि बोट ठेवलं. हे काय आहे?

खरवडलेला कागद पातळ होतो आणि त्याचे तंतू उभे राहतात. शाई जाते, पण प्रिंट काढली की तिथं डाग उमटतो. माझी रेघ गेली होती, तिची सावली आली होती. बांधापासून खालपर्यंत, धुरकट.

मिलिंद म्हणाला, काही नाही सर, ट्रेसिंगची चूक होती, पुसली.

मी दाराशी उभी, हातात उरलेल्या पिना. सगळे माझ्याकडं बघायला लागले. गप्प बसले असते तर कुणाला काही कळलं नसतं, बघा, कधीच नाही. पण चूक म्हणाला ना तो. नऊ वर्षांत माझी रेघ चुकली नव्हती. मी कन्नडमध्ये म्हटलं, चूक नाही सर. तिथं कोडी आहे.

रामय्या सरांनी चष्मा काढला. शारदम्मा खुर्चीतून उठल्याच. केरेची कोडी? आमच्या घरांत?

मिलिंद एकेकाकडं बघत राहिला. म्हणाला, एक मिनिट, कसलं कोडं?

पहिल्यांदा मीच हसले. हसता हसता डोळ्यांत पाणी आलं, आणि मग मी त्याला मराठीत सगळं सांगितलं, मामी, सूप, बागिन, सगळं. तो पांढरा पडला. म्हणाला, ताई, तुम्ही मला दोनदा सांगितलंत.

त्याच दुपारी सरांच्या गाडीतून आम्ही चौघं, शारदम्मा पण, निघालो, कोरमंगला ओलांडून तिकडं. गावात मुनियप्पा होता, पूर्वी केरेचं पाणी सोडायचं काम त्याच्याकडं, आता कमरेत वाकलेला. अनवाणी पुढं चालला आणि काठीनं झुडूप बाजूला केलं. खाली दगड, तसेच, जागच्या जागी. मिलिंदनं मला विचारायला लावलं, इथून पाणी येऊन किती वर्षं झाली? मुनियप्पा म्हणाला, पुष्कळ. मिलिंद म्हणाला, मग आता येईल का? म्हातारा म्हणाला, माझा जावई पण पुष्कळ वर्षांत आला नाही, म्हणून काय त्याच्या वाटेवर भिंत घालू? शारदम्मा एवढ्या जोरात हसल्या की बांधावरचे बगळे उडाले.

हसणं तिथंच संपलं. आठ घरं कुठं घालायची? मिलिंदनं वाट मोकळी सोडली, घरं दोन्ही अंगांना सरकवली आणि आठ घरं वरच्या मजल्यावर चढवली, मातीची भिंत एक मजला आरामात उचलते. पण वर जायला कोण तयार? सगळ्यांना अंगण पाहिजे, तुळस पाहिजे. एक मास्तर मला म्हणाले, एका ट्रेसरबाईच्या आठवणीपायी आम्ही जिने चढायचे का? शारदम्मा म्हणाल्या, माझे गुडघे दुखतात, हे सगळ्यांना माहीत आहे. पहिलं वरचं घर माझं. बाकीच्यांनी ठरवा.

घरं झाली. भिंतींचा रंग तिथल्या जमिनीचाच, तांबूस. ओढ्यात गवत, वर छोटा पूल. दोन वर्षं तो ओढा कोरडा, मुलं त्यात क्रिकेट खेळायची, आणि ते मास्तर भेटले की विचारायचे, काय अक्का, आलं का तुमचं पाणी? मिलिंद पण अक्का म्हणायला लागला होता. खिशात वही ठेवायचा, आमच्या घरी येऊन वडिलांना शब्द विचारायचा, पाण्याचे, मातीचे, कन्नडही आणि आमचे मोडकेही.

तिसऱ्या वर्षी एकदा तीन दिवस पाऊस लागला. चौथ्या दिवशी सकाळी ऑफिसात फोन. शारदम्मा. नुसतं एवढंच ओरडल्या, सुनंदा, जावई आला! आम्ही धावलो. तांबडं पाणी त्या निरीतून उतरत होतं, मी काढली होती अगदी त्या रेघेनं, पुलाखालून, दोन्हीकडच्या भिंतींना न शिवता. मिलिंद गुडघाभर पाण्यात उभा राहून भिंतीच्या पायाला हात लावून बघत होता, कोरडा आहे, अक्का, कोरडा आहे. शारदम्मा रेलिंग धरून एकेक पायरी खाली आल्या, हातात सूप. आणि ते जिन्यावरून बोलणारे मास्तर, त्यांनी छत्री धरली त्यांच्यावर.

कॉम्प्युटर आला. बाकीचे दोघं ट्रेसर गेले, एक दुकानात, एक गावी, त्याचं वाईट वाटतं अजून. मला ठेवलं. आता नवी जागा आली की नकाशा आधी माझ्याकडं येतो, मी तो घेऊन त्या गावात जाते, चहा पिते, म्हाताऱ्यांशी बोलते. खालच्या कोपऱ्यात तपासणाऱ्याच्या चौकोनात माझी दोन अक्षरं असतात. वडिलांना दिसत नाही, पण मी त्यांचं बोट त्या चौकोनावर ठेवलं होतं.

तिकडं बेळ्ळंदूरकडं आता रोज काहीतरी उभं राहतंय, काचेचं. उद्या आणखी राहील. बांधणारे दुष्ट नाहीत हो, मिलिंद कुठं दुष्ट होता? त्यांना कुणी शब्द सांगितलेला नाही, एवढंच. आणि ज्यांना शब्द ठाऊक आहेत ती माणसं दाराशी पिना घेऊन उभी आहेत, नाहीतर काठी टेकत घरी बसली आहेत. त्यांचं सगळ्यांचं भलं होवो, आणखी थोडी वर्षं जगोत.

तर तुम्ही, हे वाचणारे, एक करा. येत्या रविवारी तुमच्या भागातलं सगळ्यांत म्हातारं माणूस शोधा, मुनियप्पासारखं. त्याला विचारा, इथून पाणी कसं जायचं, आणि त्या वाटेला तुम्ही काय म्हणायचा? ते जो शब्द सांगतील तो कळला असं वाटलं, तरी पुन्हा एकदा विचारा. मग तो तुमच्या घराच्या नकाशावर लिहा. शाईनं लिहा.